शब्द गेले, रदीफ राहिली

एखाद्या गाण्यातून शब्द काढून टाकले तर मागे काय उरते? आपल्याकडे हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, कारण शब्दांशिवायची गाणी आपण रोजच ऐकतो. लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवतात. रेडिओच्या काळात मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटवर सिनेमाची गाणी वाजत. ब्रायन सिलास यांची पियानोवरची हिंदी गाणी आजही पुष्कळ घरांत, हॉटेलांत ऐकू येतात. शब्द आपल्याला आधीपासून पाठ असतात, त्यामुळे वाद्य वाजू लागले की आपण मनातल्या मनात गाऊ लागतो. वादकाचे निम्मे काम श्रोताच करून टाकतो.

युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर मोठे काम झाले. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन पियानोवादकाने फ्रान्झ शुबर्ट या व्हिएन्नाच्या संगीतकाराची पन्नासहून अधिक गाणी एकट्या पियानोसाठी नव्याने लिहून काढली. कवीचे शब्द नाहीत, गायकाचा आवाज नाही, फक्त दोन हात आणि एक पियानो. त्यांतल्या काही रचना इतक्या अवघड आहेत की भलेभले वादक त्यांना वचकून असतात. त्यांच्यावर तेव्हापासून आजवर एक आरोप होत आला आहे. ही मूळ गाण्याची विटंबना आहे, हाताची करामत दाखवण्यासाठी एका साध्या, सुंदर वस्तूवर चढवलेले दागिने आहेत, असा तो आरोप.

मला तो मान्य नाही. या रचना म्हणजे तर्जुमे आहेत, भाषांतरे आहेत. त्यांना भाषांतराच्या कसोटीवर तपासले पाहिजे, आणि त्या कसोटीवर त्यांतल्या बहुतेक उतरतात. काही उतरत नाहीत. कुठल्या उतरतात आणि कुठल्या का उतरत नाहीत, हे पाहण्यात आपला, म्हणजे दोन-तीन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या माणसांचा, मोठा फायदा आहे.

मी संगीताचा जाणकार नाही, भाषेचा शिक्षक आहे. उर्दू शिकवतो आणि मराठीही शिकवतो. बी.एड.ला असताना ‘भाषांतर पद्धती’ नावाचा एक भाग आम्हाला होता. ही पद्धत जुनी झाली, आता प्रत्यक्ष पद्धतीने शिकवायचे, असे त्यात सांगितले होते. वर्गात मुलांना दुसरी भाषा थेट त्या भाषेतूनच द्यावी, हे अध्यापनाच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण त्यातून नकळत एक समज रुजतो की भाषांतर म्हणजे दुय्यम काम, ज्याला मूळ वाचता येत नाही त्याच्यासाठी केलेली सोय. पुढे शिक्षकी पेशात त्याच समजाची दोन रूपे मला सतत भेटत आली. एकीकडे आपलीच मंडळी म्हणतात, गझल फक्त उर्दूतच, मराठीतली गझल म्हणजे नक्कल. दुसरीकडे काही जण म्हणतात, गझल हा परका प्रकार, मराठीला त्याची गरज काय? दोघांच्याही मुळाशी एकच कल्पना आहे. एका भाषेतली गोष्ट दुसरीकडे नेली की तिचा जीव जातो, अशी. लिस्टच्या या पियानो-रचना ऐकताना ती कल्पना टिकत नाही. कशी, ते आता सांगतो.

आधी मूळ गाण्याविषयी थोडे. शुबर्टचा जन्म १७९७ चा, मृत्यू १८२८ चा. अवघी एकतीस वर्षे मिळाली, आणि तेवढ्यात त्याने सहाशेहून अधिक गाणी रचली. जर्मन भाषेत या प्रकाराला ‘लीड’ म्हणतात. एखाद्या कवीची कविता घ्यायची, तिला चाल द्यायची, आणि गायकाच्या जोडीला पियानो ठेवायचा. पण हा पियानो आपल्याकडच्या पेटीसारखा गायकाच्या मागे मागे चालत नाही. त्याला स्वतःची भूमिका असते. सतरा वर्षांच्या शुबर्टने १८१४ मध्ये गटेच्या ‘फाउस्ट’मधले ग्रेशनचे गाणे रचले. ती चरख्यावर सूत कातत बसली आहे आणि तिला प्रियकराची आठवण येते आहे. उजव्या हाताचे स्वर एकसारखे गरगर फिरतात, तो चरखा. डाव्या हाताचा ठेका म्हणजे पायाखालची पट्टी. ती त्याच्या चुंबनाच्या आठवणीपाशी येते आणि चरखा थांबतो. मग अडखळत, एक-दोनदा प्रयत्न करून, तो पुन्हा फिरू लागतो. चरखा थांबला हे गायिका सांगत नाही, पियानो सांगतो. म्हणजे मूळ गाण्यातच अर्थाचा मोठा वाटा शब्दांच्या बाहेर ठेवलेला आहे. हे लक्षात घेतले नाही तर लिस्टने काय केले ते कळत नाही.

शुबर्ट गेला तेव्हा व्हिएन्नाबाहेर त्याला ओळखणारे थोडे होते. पॅरिसमध्ये आदोल्फ नूरी हा गायक १८३० च्या दशकात त्याची गाणी फ्रेंचमध्ये गाऊ लागला, आणि त्याला लिस्टची साथ होती. मार्च १८३८ मध्ये डॅन्यूब नदीला महापूर आला आणि पेस्ट शहराची वाताहत झाली. पूरग्रस्तांसाठी पैसा उभा करायला लिस्ट व्हिएन्नाला गेला आणि त्याने तिथे लागोपाठ कार्यक्रम केले. त्यांत त्याने शुबर्टची गाणी एकट्या पियानोवर वाजवली. शुबर्टच्याच शहरात, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्याच सुमारास प्रकाशकांनी या रचनांची पुस्तके काढली. आधी बारा गाण्यांचा संच, मग ‘हंसगीत’ या संग्रहातली चौदा गाणी, मग ‘हिवाळी प्रवास’ या मालिकेतली बारा. दोन वर्षांनी लंडनमध्ये लिस्टच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत ‘रिसायटल’ हा शब्द आला. तोवर एका कार्यक्रमात गायक, व्हायोलिनवादक, वाद्यवृंद अशी सगळी मंडळी असायची. एकट्या माणसाने एका पियानोवर पूर्ण कार्यक्रम करायचा ही नवी रीत होती. गायक मंचावरून उतरला होता आणि त्याचे काम आता पियानोला करायचे होते.

हे काम किती अवघड आहे पाहा. गाण्यात तीन गोष्टी असतात. गायकाची चाल, पियानोच्या उजव्या हाताची हालचाल आणि डाव्या हाताचा आधार. तीन कामे, हात दोन. शिवाय पियानोचा स्वभाव गळ्याच्या उलट. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते, स्वर उमटतो आणि लगेच मावळू लागतो. गायक एक स्वर धरून तो हळूहळू वाढवू शकतो, पियानोला ते येत नाही. गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आपल्याकडे तिला मींड म्हणतात. पियानोत मींड नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. पायाखालच्या पेडलने स्वर थोडा रेंगाळतो, एवढीच सवलत.

म्हणून लिस्टने आणि त्याचा प्रतिस्पर्धी थालबर्गने युक्त्या काढल्या. चाल हाताच्या मधोमध, दोन्ही अंगठ्यांत वाटून द्यायची आणि बाकीच्या बोटांनी वर-खाली साथ चालू ठेवायची. ऐकणाऱ्याला वाटते, तीन हात वाजवत आहेत. पियानोची घडणही तेव्हा बदलत होती. पॅरिसच्या सेबास्तियां एरारने १८२१ मध्ये अशी यंत्रणा पेटंट केली की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येई. त्यामुळे एकच स्वर भराभर ठोकणे शक्य झाले. सांगायचा मुद्दा असा की ज्याला लोक करामत म्हणतात तिचा बराच भाग करामत नाही, गरज आहे. एका जिवंत गळ्याची जागा हातोड्यांनी भरून काढायची म्हटल्यावर बोटांना कसरत करावीच लागते. भाषांतरकारालाही लागते. उर्दूतला ‘लिहाज’ मराठीत आणायचा तर एका शब्दाला कधी संकोच, कधी मुलाहिजा, कधी आदर, तर कधी अख्खे वाक्य खर्च करावे लागते. वाचणाऱ्याला ती धावपळ दिसू नये, एवढीच अपेक्षा असते.

आता एक-एक रचना घेऊ.

‘एर्लकोनिग’ ही गटेची कथाकविता. रात्र, वादळ, बाप आजारी मुलाला छातीशी धरून घोड्यावरून जातो आहे. मुलाला भुतांचा राजा दिसतो, तो त्याला गोड बोलून बोलावतो. बाप म्हणतो, काही नाही, धुके आहे. घरी पोचतो तेव्हा मूल हातात मेलेले असते. शुबर्टने हे गाणे १८१५ मध्ये रचले आणि १८२१ मध्ये त्याची पहिली अधिकृत प्रकाशित रचना म्हणून ते छापले गेले. निवेदक, बाप, मुलगा आणि भूतराजा, हे चारही आवाज एकाच गायकाने काढायचे. पियानोचा उजवा हात पहिल्यापासून एकच स्वर तीन-तीनच्या गटांत धडाधड ठोकतो, त्या घोड्याच्या टापा. ही साथ इतकी दमवणारी आहे की शुबर्टने स्वतः एका आवृत्तीत तीनऐवजी दोन-दोन ठोके घालून ती सोपी केली.

लिस्टने टापा सोडल्या नाहीत आणि त्यांच्यावर चारही पात्रे बसवली. बाप खालच्या सप्तकात बोलतो, मूल वरच्या. भूतराजा बोलू लागला की सगळी घडणच बदलते, टापा विरघळतात आणि पियानो गोड, फसवा होतो. शब्द नाहीत, तरी कोण बोलते आहे हे कळते. इथे अवघडपणा हाच अर्थ आहे. वादकाचे मनगट खरोखर दमलेले असते, आता हात सुटेल की काय असे वाटत असते, आणि ती धास्ती त्या बापाच्या धास्तीत मिसळते. ही रचना सोपी करून वाजवली तर ती खोटी होईल. आणि शेवट? शुबर्टने शेवटची ओळ जवळजवळ बोलल्यासारखी, साथ थांबवून दिली आहे. इतका वेळ दोन्ही हातांनी वादळ उठवणारा लिस्ट तिथे गप्प राहतो. ज्याला फक्त टाळ्या हव्या असतात, त्याला ती शांतता सांभाळता आली नसती.

दुसरी रचना ‘श्टेंडशेन’, ‘हंसगीत’मधली. रात्री खिडकीखाली उभे राहून प्रेयसीला घातलेली साद. चाल इतकी सोपी की आपल्याकडचे कुणीही दोनदा ऐकून गुणगुणेल. लिस्ट कडव्यागणिक चालीची जागा बदलतो, आणि पुढच्या कडव्यात एक नवीन गोष्ट करतो. चालीचा प्रत्येक तुकडा संपला की वरच्या सप्तकातून त्याचा प्रतिध्वनी येतो, लांबून कुणी तेच शब्द परत म्हणावेत तसा. शुबर्टच्या गाण्यात हा प्रतिध्वनी नाही, लिस्टने तो पदरचा घातला. मग ही लबाडी झाली का? कविता पाहा. रात्र आहे, झाडी आहे, बुलबुल गात आहेत, आणि प्रियकर म्हणतो की तेही माझ्याच वतीने तुला विनवत आहेत. म्हणजे सादेला साथ देणारे दुसरे आवाज कवितेतच आहेत. गाणाऱ्याकडे एकच गळा असतो, त्यामुळे शुबर्टला ते दाखवता आले नाहीत. पियानोकडे सात सप्तके आहेत, त्याने ते दाखवले. चांगल्या भाषांतरात कधी कधी मुळात नसलेला शब्द येतो आणि तरीही तो मुळाचाच असतो, तसा हा प्रकार आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. ही गाणी पियानोसाठी छापली गेली तेव्हा त्यांच्यासोबत कवितेचे शब्दही छापावेत, असा लिस्टचा आग्रह होता. आजही या रचनांच्या पुस्तकांत स्वरांच्या ओळींबरोबर कवितेच्या ओळी दिसतात. गाणारे कुणी नाही, मग शब्द कुणासाठी? वाजवणाऱ्यासाठी. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द वजनदार, कुठे वाक्य संपत नाही तर फक्त ओळ संपते, हे बोटांना कळायला हवे. म्हणजे ज्या माणसावर शब्द पुसून टाकल्याचा आरोप झाला, त्यानेच वादकाच्या डोळ्यांसमोर शब्द ठेवले.

इथून गोष्ट आपल्या दाराशी येते. शुबर्टच्या ज्या बारा गाण्यांचा संच लिस्टने आधी केला, त्यातले पहिलेच गाणे ‘जाय मिअर गेग्र्युस्ट’. त्याचा कवी फ्रिडरिश रुकर्ट. रुकर्ट (१७८८–१८६६) हा कवी होता आणि पौर्वात्य भाषांचा मोठा विद्वान होता, पुढे एर्लांगेन आणि बर्लिनच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाला. व्हिएन्नाला हामर-पुर्गश्टाल या विद्वानाकडे तो फारसी शिकला. हा हामर-पुर्गश्टाल म्हणजे हाफिजचा दीवान जर्मनमध्ये आणणारा माणूस. त्याचे भाषांतर वाचूनच गटेने १८१९ मध्ये आपला ‘पश्चिम-पूर्व दीवान’ प्रसिद्ध केला, आणि त्या दीवानला उत्तर म्हणून अल्लामा इक्बालांनी १९२३ मध्ये ‘पयाम-ए-मश्रिक’ लिहिले. रुकर्टने रूमीच्या प्रभावाखाली जर्मनमध्ये गझला लिहिल्या. हरीरीच्या ‘मकामात’चे भाषांतर केले. कुरआनच्या बऱ्याच भागाचा जर्मन अनुवाद केला, तो त्याच्या मृत्यूनंतर १८८८ मध्ये छापला गेला. अरबी मजकुरातले यमकांचे नाद जर्मनमध्ये ऐकू यावेत यासाठी त्याने त्यात घेतलेली मेहनत आजही वाखाणली जाते.

आणि शुबर्टचे ते गाणे? ती गझल आहे. गझलेसारखी कविता नव्हे, तर नियमाने बांधलेली गझल. हिरावल्या गेलेल्या प्रियेला दुरून धाडलेला सलाम हा तिचा विषय, आणि तो सलाम हीच तिची रदीफ. मतल्यात दोन्ही मिसऱ्यांना ती येते, पुढे प्रत्येक शेरात दुसऱ्या मिसऱ्याला येते. तिच्या आधी काफिया आहे, तोही पाळलेला. उर्दूच्या तासाला फळ्यावर मी जे लिहून दाखवतो ते सगळे त्या जर्मन कवितेत आहे. शुबर्टने हे ओळखले. रदीफ आली की त्याची चालही तीच ओळखीची वळणे घेऊन येते. आजूबाजूचे सूर बदलतात, कधी उजळ होतात, कधी उदास, पण सलाम परत येतो तो आपल्या जागी. मुशायऱ्यात शायर काफिया उच्चारतो आणि सगळी मैफल त्याच्यासोबत रदीफ म्हणून टाकते, तसेच काहीसे ते आहे.

मग लिस्टने त्यातून शब्द काढले. फारसीतून जर्मनमध्ये आलेली गझल, जर्मनमधून गाण्यात गेलेली, आणि आता गाण्यातून फक्त स्वरांत. तीन वेळा घर बदलले. तरी पियानो ऐकताना रदीफ ऐकू येते. दर काही क्षणांनी तेच वळण परत येते आणि आपण त्याची वाट पाहू लागतो. ज्याला जर्मनचा एक शब्द येत नाही, पण गझल ऐकायची सवय आहे, त्या माणसाला त्या चालीतला सलाम जर्मन श्रोत्यापेक्षा लवकर सापडेल, असे मला वाटते. जी माणसे म्हणतात की भाषा बदलली की गझल मरते, त्यांच्यासमोर मी हा पुरावा ठेवतो. इथे तर भाषाच नाहीशी झाली, आणि गझलेचा कणा शाबूत राहिला.

आता दुसरी बाजू. सगळेच तर्जुमे चांगले नसतात, आणि लिस्टचेही नाहीत. रुकर्टचीच आणखी एक कविता, ‘विडमुंग’, म्हणजे समर्पण. तिला चाल दिली रॉबर्ट शूमानने. १८४० मध्ये त्याचे क्लाराशी लग्न झाले तेव्हा त्याने तिला भेट म्हणून दिलेल्या गाण्यांच्या पुस्तकातले हे पहिले गाणे. जेमतेम दोन-अडीच मिनिटांचे. एक माणूस दुसऱ्याला सांगतो की तू माझे काय काय आहेस, आणि शेवटी पियानो हळू आवाजात शुबर्टच्या ‘आवे मारिया’ची आठवण करून देतो. बस. १८४८ मध्ये लिस्टने त्याची पियानो-रचना केली. तिचा पहिला अर्धा भाग अप्रतिम आहे. चाल मधल्या सप्तकात, एखाद्या पुरुषाने हलक्या आवाजात बोलावे तशी. मग मात्र लिस्ट थांबत नाही. पहिला भाग पुन्हा घेतो, त्यावर स्वरांचे लोट चढवतो, आवाज वाढवत वाढवत सभागृह भरून टाकतो. ऐकायला भव्य वाटते, वाजवणाऱ्यांना फार आवडते, आणि कार्यक्रमाच्या शेवटी हमखास टाळ्या मिळतात. पण एका माणसाने एका माणसाला सांगितलेली गोष्ट तिथे तकरीर होते. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र ध्वनिक्षेपकावरून वाचावे तसे होते.

क्लारा स्वतः त्या काळातली मोठी पियानोवादक होती. तिनेही नवऱ्याच्या गाण्यांच्या पियानो-रचना केल्या, त्यांत हे गाणे आहे. तिची रचना साधी आहे. जवळजवळ काहीच वाढवलेले नाही. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की फरक लगेच कळतो. लिस्टची लक्षात राहते, क्लाराची जवळची वाटते. ‘एर्लकोनिग’मध्ये ज्या ताकदीची कवितेला गरज होती, तीच ताकद ‘विडमुंग’मध्ये कवितेच्या आड येते. करामत दोन्हीकडे सारखीच आहे. एकीकडे ती कवितेसाठी राबते, दुसरीकडे कविता तिच्यासाठी राबते.

पुढच्या पिढ्यांतही हेच दिसते. रशियन संगीतकार रखमानिनोव्हने शुबर्टचे झऱ्याचे एक गाणे पियानोसाठी लिहिले, त्यात पाणी वाहते ते शुबर्टचेच, फक्त जास्त चमकणारे. त्याने स्वतःच्या ‘लायलॅक’ या गाण्याचीही पियानो-रचना केली. आपल्याच कवितेचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करणाऱ्या कवीसारखे हे काम. गोडोव्स्कीनेही शुबर्टची गाणी घेतली, पण त्याने चालीच्या भोवती इतके उपस्वर विणले की काही ठिकाणी मूळ चाल शोधावी लागते. बुद्धीला आनंद होतो, पण गाणे हरवते. शाळेत आम्ही ज्याला ‘पुस्तकी भाषांतर’ म्हणतो त्याच्या उलट टोकाचा हा दोष आहे.

एक आक्षेप अजून राहतो, आणि तो वजनदार आहे. लिस्टच्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते. ज्या गावात गायक पोचत नाही तिथे पियानो पोचत होता, म्हणून या रचनांची गरज होती. आज फिशर-डिस्काऊसारख्या गायकाने गायलेली शुबर्टची शेकडो गाणी मोबाइलवर मिळतात. मग शब्दांशिवायची आवृत्ती कशाला? विसाव्या शतकात बऱ्याच जाणकारांनी हाच विचार करून या रचना बाजूला सारल्या होत्या. त्या पुन्हा मानाने वाजू लागल्या, लेस्ली हॉवर्ड यांनी लिस्टचे सगळे पियानो-संगीत ध्वनिमुद्रित केले, त्यात ही गाणीही आली. माझे उत्तर असे की भाषांतराचे एक काम न कळणाऱ्याला कळवणे हे आहेच, पण ते एकमेव नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाही चांगला तर्जुमा काहीतरी देतो. मूळ वाचताना जे नजरेतून सुटले होते ते दाखवतो. ‘श्टेंडशेन’मधला तो प्रतिध्वनी ऐकल्यावर मूळ गाणे परत ऐका. गायक थांबतो त्या रिकाम्या जागा आता वेगळ्या वाटू लागतात.

माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि ‘गज्जलांजलि’तून मराठीला गझलेची ओळख करून दिली. त्यांच्यावरही तेव्हा परकेपणाचे आरोप झाले. पुढे सुरेश भटांनी ती गझल महाराष्ट्राच्या गावोगावच्या लोकांच्या ओठांवर नेली. रुकर्टने जर्मनमध्ये शंभर वर्षे आधी जे केले तेच काम आपल्याकडे झाले. फरक एवढाच की तिकडे गझल पुढे शुबर्टला आणि लिस्टला भेटली. आपल्याकडे अजूनही पुष्कळजण तिचे आधार कार्ड तपासत बसले आहेत.

माझ्या वर्गात बसणारी उर्दू माध्यमाची मुले घरी एक बोली बोलतात, शाळेत उर्दू वाचतात, बाजारात मराठी बोलतात, फोनवर हिंदी ऐकतात. दिवसातून दहा वेळा ती एका भाषेतून दुसरीत जातात. त्यांना आपण सतत सांगत राहिलो की यातली एकच खरी आणि बाकीच्या उसन्या, तर ती चारही भाषांत संकोचून उभी राहतील. त्याऐवजी त्यांना कसोटी शिकवावी. एका भाषेतली गोष्ट दुसरीकडे नेताना तीन प्रश्न विचारायचे. मूळ शब्द डोळ्यांसमोर आहेत का? जे नवीन घातले ते मुळातून निघाले आहे की आपल्या हौसेतून? आणि जिथे मूळ हळू बोलते तिथे आपण हळू बोललो का? लिस्ट पहिल्या प्रश्नात नेहमी पास होतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा, तिसऱ्यात कधी कधी नापास. एवढ्या मोठ्या माणसालाही पैकीच्या पैकी मिळत नाहीत, हेही मुलांना कळलेले बरे.

जाता जाता एक माहिती. १८४७ च्या उन्हाळ्यात लिस्ट इस्तंबूलला गेला होता. सुलतान अब्दुल मजीद यांच्यासमोर त्याने पियानो वाजवला, आणि त्यांच्या दरबारी संगीतकाराने, ज्युसेप्पे दोनिझेत्तीने, सुलतानांसाठी रचलेल्या मार्चवर पियानोची एक रचनाही केली. म्हणजे ही ये-जा एकाच दिशेची नव्हती, आणि कुणाच्या परवानगीसाठी थांबलेलीही नव्हती.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी हा क्रम ठेवावा. आधी रुकर्टच्या त्या गझलेचा अर्थ वाचा, इंग्रजीत सहज मिळतो. मग शुबर्टचे गाणे गायकाच्या आवाजात ऐका. मग लिस्टची पियानो-रचना. तिसऱ्यांदा ऐकताना सलाम जिथे येतो तिथे बोटाने खूण करत जा. आमच्या मुलांना रदीफ ओळखायला मी असेच शिकवतो. जर्मन येत नसेल तरी चालेल, खुणा बरोबर जागी पडतील.